देव नदीपार गेले, बांध तेथेच राहिला

गोमंतकातील कोणत्याही जुन्या देवस्थानाचा इतिहास सांगावयास बसले, की कथेचा ओघ बहुधा एकाच घटनेकडे वळतो. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखालील प्रदेशात देवळे पडू लागली आणि भक्तांनी आपापल्या देवता नदीपार, तेव्हा त्या अमलाबाहेर असलेल्या अंत्रुज महालात नेल्या. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेरण्याची म्हाळसा म्हार्दोळास, तर राय गावची कामाक्षी शिरोड्यास आली. ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु तिच्यातील एका प्रश्नाकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही. देव गेले, देवाच्या शेतांचे काय झाले? मूर्ती होडीत ठेवून नेता येते, शेत नेता येत नाही. ज्या जमिनीच्या उत्पन्नावर देवाचा दिवा तेवत होता ती जमीन नदीकाठीच राहिली, आणि तिच्याबरोबर तिला समुद्रापासून राखणारा बांधही तेथेच राहिला.

त्या बांधाचा इतिहास हाही देवस्थानांच्या इतिहासाचाच भाग आहे, असे आम्हांस वाटते. धान्य पिकवावे आणि त्याच भूमीत मासे, पक्षी, झाडे, जलचर यांनाही जागा असावी, या गोष्टीची आज जगभर चर्चा होते. त्या चर्चेतील शब्द नवे असले, तरी गोमंतकाच्या खाजनांत ही गोष्ट कित्येक शतके प्रत्यक्ष व्यवहारात होती. ती कशामुळे टिकली आणि कशामुळे ढासळली, हे पाहणे या लेखाचा हेतू आहे.

गोमंतकातील शेतजमिनीचे जुने लोक तीन प्रकार सांगतात. उंचवट्यावरील जांभ्याची ती मरड, मधल्या पट्टीतील रेताड ती खेर, आणि नदीच्या खाडीलगतची सखल, चिखलट ती खाजन. मांडवी, जुवारी, शापोरा, साळ या नद्यांच्या काठी पसरलेल्या खाजन जमिनीचे क्षेत्र सुमारे १८,००० हेक्टर समजले जाते. यातील पुष्कळशी भूमी भरतीच्या पाण्याच्या पातळीहूनही खाली आहे. येथे भरती-ओहोटीत पाण्याची पातळी सुमारे दोन मीटरांनी वरखाली होते, आणि पाऊस संपून नदीचा गोडा ओघ क्षीण झाला म्हणजे समुद्राचे खारे पाणी खाडीतून कित्येक मैल आत चढते. मधे बांध नसता तर दिवसातून दोन वेळा ही सारी शेते पाण्याखाली गेली असती. किंबहुना पूर्वी ती तशी जातच होती. खाजन ही निसर्गाने दिलेली शेतजमीन नव्हे. खारफुटीच्या दलदलीतून माणसाने ती घडविली आहे.

ही घडण किती प्राचीन आहे याचा पुरावा अंत्रुजातील बांदोडे गावीच मिळाला आहे. कोकणातील मौर्य राजा अनिर्जितवर्मा याचा, सहाव्या शतकाच्या आसपासचा, जो ताम्रपट तेथे सापडला, त्यात ‘खज्जन’ जमिनीचे दान नमूद आहे. जंगल तोडून, खाऱ्या पाण्याला बांध घालून त्या जागेचे शेत करावे, अशी त्या दानामागील अपेक्षा होती. आज आपण जो शब्द बोलतो तोच शब्द, जवळजवळ त्याच रूपात, सुमारे चौदाशे वर्षांपूर्वीच्या राजशासनात आढळतो. त्याच बांदोडे गावात नागेशाच्या देवळातील शके १३३५, म्हणजे इ. स. १४१३ चा शिलालेख आहे. नागेश व महालक्ष्मी यांच्या पूजेअर्चेसाठी दिलेल्या भूमीची नोंद त्यात केलेली आहे. पहिल्या लेखात भूमी घडविण्याची गोष्ट आहे, दुसऱ्यात तिच्या उत्पन्नातून देवाचा वाटा काढण्याची. गोमंतकाच्या ग्रामजीवनाचे हे दोन खांब होत.

आता खाजनाची रचना पाहू. नदीच्या बाजूस बाहेरचा बांध असतो. चिखलमाती, भाताचे काड व झाडांच्या फांद्या यांचे थर देऊन तो उभारतात आणि पाण्याचा मारा जेथे अधिक तेथे जांभ्या दगडाची फरशी चढवितात. बांधाच्या बाहेर, नदीच्या अंगास, कांदळ व इतर खारफुटीची रांग मुद्दाम राखलेली असते. तिची मुळे चिखल धरून ठेवतात आणि लाटेचा जोर बांधावर येण्यापूर्वीच मोडतात. बांधाला ठराविक जागी जे दार असते ती मानस. जांभ्याच्या भक्कम बांधकामात लाकडी झडपा अशा बसविलेल्या असतात, की नदीला भरती येऊ लागताच बाहेरच्या पाण्याच्या दाबाने त्या आपोआप मिटतात आणि ओहोटी लागली म्हणजे आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. मानशीच्या आतल्या बाजूस खोलगट पाणथळ असते. तिला पोंय म्हणतात. शेतातील जादा पाणी तेथे येऊन साठते, आणि मासळीचे घरही तेच. पोंयीच्या पलीकडे आतले, लहान बांध, आणि त्यांच्या मागे भाताची शेते. चढत्या क्रमाने नदी, खारफुटी, बांध, पोंय आणि शेत असे हे टप्पे आहेत. प्रत्येकाचा पुढच्यास आधार आहे.

या शेताचे वर्ष पावसाने सुरू होते. मृगाच्या सरी कोसळू लागल्या की उन्हाळ्यात मातीत भिनलेले मीठ विरघळते आणि ते खारे पाणी ओहोटीच्या वेळी मानशीतून नदीत जाते. असे काही दिवस धुवून निघाल्यावर मातीचा खारटपणा इतपत उतरतो, की मोड आणलेले बियाणे तिच्यावर टाकता येते. तरीही साधे भात येथे तग धरीत नाही. त्यासाठी कोरगुट, आसगो अशी खारेपणा सोसणारी खास देशी भाते आहेत. कोरगुटाचे रोप उंच असते, अधूनमधून साचणारे पाणी ते सहन करते. उत्पन्नाच्या आकड्यात ते सुधारलेल्या जातींच्या मागे पडते खरे. परंतु जेथे सुधारलेली जात मुळी उभीच राहत नाही तेथे ते दाणा देते. शिवाय दर वर्षी भरतीचा गाळ शेताचे पोषण करीत असल्याने त्याला खताची फारशी अपेक्षा नसते.

आश्विन-कार्तिकात हे सरद पीक निघाले, की खाजनाचे दुसरे रूप सुरू होते. काही जागी वायंगण भात किंवा भाजीपाला घेतात. इतरत्र मर्यादेने खारे पाणी आत घेतात. शेतात राहिलेले खुंट कुजतात, त्यांवर सूक्ष्म जीव वाढतात, त्यांवर कोळंबीची पिले पोसतात. शेवटे, काळुंदर, चोणक, कुर्ल्या या साऱ्यांचा निवारा पोंयीत असतो. समुद्रातील कित्येक जातींच्या माशांची पिले खारफुटीच्या मुळांत आणि अशा उथळ पाण्यातच वाढतात. हिवाळ्यात दूरदेशीचे पाणपक्षी या ओल्या शेतांत उतरतात. बगळे, ढोक, खंड्या तर बारमास आहेतच. चोडण बेटावरील खाजनांच्या शेजारी पाणमांजरे आहेत, कुंभारजुव्याच्या कालव्यात सुसरी आहेत. काही खाजनांत उन्हाळाभर मिठागरे चालतात. पेडण्यातील आगरवाडा आणि बारदेशातील हडफडे ही त्यांची परिचित स्थळे. एकाच जमिनीतून भात, मासळी आणि मीठ, शिवाय बांधावरच्या माडांचा नारळ मिळे. गोमंतकीय माणसाचे ताट या एका व्यवस्थेतून भरत होते.

यावरून कोणी असे समजू नये, की पूर्वजांनी पशुपक्ष्यांच्या रक्षणाचे व्रत घेऊन ही शेते बांधली. त्यांना भात हवे होते. पण भात हवे तर बांध हवा, बांध हवा तर बाहेरची खारफुटी हवी, पाण्याचा निचरा हवा तर पोंय मोकळी हवी, आणि पोंय मोकळी असली की मासळी येणारच. निसर्गाचे रक्षण हा येथे शेतीवर वेगळा लादलेला नियम नव्हता. शेती नीट करण्याचे ते फळ होते. आज आपण शेतीची जागा एकीकडे आणि अभयारण्य दुसरीकडे अशी आखणी करतो. त्या आखणीचाही काही उपयोग आहे. परंतु खाजनात तशी रेघ ओढताच येत नाही, कारण तेथे एकाचे पाणी दुसऱ्याच्या दारातून जाते.

पाण्याची ही वाटणी कोण पाहत असे? गांवकरी. मूळ वसाहत करणाऱ्या कुळांची ही संस्था गावची जमीन सामाईकपणे सांभाळी. इ. स. १५२६ मध्ये पोर्तुगीजांचा महसूल अधिकारी अफोंसु मेशिया याने तिसवाडीतील गांवकऱ्यांच्या रूढी लिहून काढविल्या. तो लेख ‘फोराल’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्याच्या आरंभीच अशी परंपरा नोंदविली आहे, की प्राचीन काळी चार माणसे एका ओसाड बेटावर आली, त्यांनी ते लागवडीखाली आणले आणि पुढे वस्ती वाढून त्यांचे वंशज गांवकार म्हणून गाव चालवू लागले. परकी सत्तेनेही गांवकारांचा हक्क मान्य केला तो या आधारावर, की ही जमीन त्यांच्या पूर्वजांनी घडविलेली आहे. पुढे फिलिप नेरी शाव्हिएर यांनी १८५२ साली या संस्थांचा इतिहास संकलित केला आणि दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६२ च्या आपल्या ग्रंथात जुन्या काबिजादीतील ग्रामसंस्थेचा चिकित्सक अभ्यास मांडला. आपल्या देवस्थानांचा अभ्यास करणाऱ्याने ही दोन्ही नावे लक्षात ठेवण्याजोगी आहेत.

गांवकरी शेते ठराविक मुदतीने पावणी करून कसावयास देई. मानशीवरील मासेमारीचीही अशीच पावणी होई. देवळाच्या उत्सवातील पावणी ज्यांनी पाहिली आहे त्या वाचकांस ही पद्धत समजावून सांगावयास नको. या उत्पन्नातून सरकारचा सारा, देवाचा खर्च, कुळकर्णी, सुतार, लोहार, महार इत्यादी गावच्या सेवकांचे वेतन आणि बांध व मानस यांची दुरुस्ती हे सारे आधी वजा होई. उरेल ते गांवकारांत वाटले जाई. त्या वाट्यास जण म्हणत. देवासाठी व सेवकांसाठी वेगळ्या काढलेल्या जमिनीस नमशी म्हणत. हा क्रम महत्त्वाचा आहे. बांध आधी, वाटणी नंतर. मासळीचा पैसा बांधाला बांधलेला होता. मानशीतून मिळणारे उत्पन्न ज्याच्या हाती त्याच्याच माथी मानशीची डागडुजी, आणि ज्याच्या हाती पाण्याचे दार त्याच्यावर शेतकऱ्यांची नजर. मानस किती उघडावी, केव्हा मिटावी, जाळे केव्हा लावावे, हे भाताच्या गरजेवर ठरे.

या व्यवस्थेचे गुणगान करताना तिच्यातील उणीव झाकणे योग्य नव्हे. जण घेणारे मोजके होते. कमरेइतक्या चिखलात उभे राहून ज्यांनी बांध घातला, त्या गावडे, कुणबी आदी कष्टकऱ्यांची नावे गांवकरीच्या वहीत भागीदार म्हणून आढळत नाहीत. स्त्रियांनी लावणी-कापणी केली, पण त्यांना जण नव्हता. समाईक म्हणजे सर्वांची, असा अर्थ तेव्हा नव्हता. ज्या व्यवस्थेने भूमी राखली तिनेच माणसामाणसांतील अंतरही राखले, हे इतिहासाने स्पष्टपणे नोंदविले पाहिजे.

आता पुन्हा सोळाव्या शतकाकडे वळू. १५४० साली तिसवाडीतील देवळे पाडण्यात आली, आणि पुढच्याच वर्षी त्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न नव्या धर्माच्या कार्यासाठी गांवकारांकडून लिहून घेण्यात आले. १५६७ मध्ये साष्टीतील देवळांवर तोच प्रसंग आला. देवाच्या शेताचा मालक बदलला. परंतु भरतीच्या वेळा कोणाच्या हुकमाने बदलल्या नाहीत. जे गांवकार गाव सोडून गेले त्यांच्या मागे राहिलेले, पुष्कळदा धर्मांतरित झालेले, त्यांचेच भाऊबंद तोच बांध पूर्वीच्याच रीतीने राखीत राहिले. गांवकरीला ‘कोमुनिदाद’ हे नाव मिळाले, वही पोर्तुगीज भाषेत लिहिली जाऊ लागली, वाटणीतला देवाचा भाग चर्चकडे गेला. पण बांध आधी आणि वाटणी नंतर हा क्रम तसाच राहिला. ताळगावात आजही २१ ऑगस्टला कणसांचे फेस्त होते आणि नव्या भाताची कणसे समारंभाने कापली जातात. आपल्याकडे नव्याच्या दिवशी देवाला जी कणसे वाहतात त्यांचेच हे दुसऱ्या वेदीवरील रूप होय. धर्म दोन झाले, शेत एकच राहिले.

नदीच्या अलीकडे, अंत्रुजात, ज्या गावांनी परागंदा देवांना आसरा दिला त्यांपैकी कित्येकांना स्वतःची खाजने होती. दुर्भाट, बोरी, शिरोडा ही जुवारीकाठची गावे त्यांत येतात. डोंगरावरची देवराई झरा जिवंत ठेवी, झऱ्याचे पाणी देवळाच्या तळीत आणि तेथून सुपारी, नारळ, केळी, मिरवेलींच्या कुळागरात जाई, आणि कुळागरातून निथळलेले गोडे पाणी शेवटी खाजनात उतरे. वर देवाच्या राईत कुऱ्हाड चालवावयाची नाही आणि खाली बांधावर हलगर्जी करावयाची नाही, हे दोन निर्बंध एकाच पाण्याच्या दोन टोकांना होते. सत्तरीतील नानोडे बांबर येथील निरंकाराची राय हे त्या वरच्या टोकाचे आजही उभे असलेले उदाहरण आहे. रानजायफळांची ती दलदल देवाच्या नावानेच वाचली. ग्रामदेवता सातेरी वारुळाच्या रूपाने पूजिली जाते, म्हणजे आपण साक्षात मातीचीच पूजा करतो. हेही येथे आठवावे.

खालच्या टोकाची पूजा अधिकच लक्षणीय आहे. बोरी, दुर्भाट या बाजूस पौष महिन्यातील अमावास्येला खाजनात चिखलाची सुसर घडवून तिची पूजा करतात. या विधीस ‘मांगे थापणी’ म्हणतात. कोकणीत मानगें म्हणजे सुसर. नदीतील सुसरीने बांधाचे व शेताचे रक्षण करावे आणि बांधावर राबणाऱ्या माणसांस उपद्रव देऊ नये, अशी त्यामागील भावना आहे. ज्या प्राण्याचे भय वाटावे त्याला शेताचा राखणदार मानणे, ही गोष्ट केवळ अंधश्रद्धा म्हणून बाजूस सारण्याजोगी नाही. नदीवर आपल्याखेरीज इतरांचाही हक्क आहे, ही जाणीव तिच्यात आहे. सुसरीच्या वस्तीत शेती करणाऱ्या समाजाने तिला मारून टाकण्याऐवजी तिच्याशी करार केला, आणि तो दर वर्षी चिखलात लिहून नवा केला.

मग हे सारे ढासळले कशाने? १९६१ च्या एप्रिलात पोर्तुगीज सरकारने कोमुनिदादींची शेवटची संहिता काढली आणि त्याच वर्षाच्या १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. १९६४ साली कूळ कायदा आला. शतकानुशतके दुसऱ्याच्या जमिनीवर घाम गाळणाऱ्यास संरक्षण मिळाले, आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणारास मालकीचा मार्ग मोकळा झाला. हा न्यायच होता. त्याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु जमीन तुकड्यातुकड्यांनी देता येते, बांध तुकड्यातुकड्यांनी राखता येत नाही. ही अडचण कायदे करणारांच्या ध्यानी आली नव्हती असे नाही. १९७५ च्या नियमांनी बांध व मानस यांची संयुक्त जबाबदारी पार पाडण्यासाठी कुळांच्या संघटना स्थापण्याची तरतूद केली. मानशीच्या पावणीचे उत्पन्न या संघटनांकडे आले. कागदावर जुनाच क्रम नव्या हाती सोपविला गेला होता.

प्रत्यक्षात मात्र तो क्रम उलटला. शेतमजुरी महागली, तरुण नोकरीला किंवा परदेशी गेले, आणि भाताचा भाव खर्चाला पुरेना. याउलट मासळीचा, विशेषतः कोळंबीचा भाव चढत गेला. ज्याला मानस पावणीत मिळे त्याचा हिशेब सरळ होता: खारे पाणी जितके अधिक आत, तितकी मासळी अधिक. भरतीच्या वेळी मिटावयाची मानस उघडी राहू लागली. काही ठिकाणी बांध मुद्दाम फोडल्याच्या तक्रारी झाल्या. शेतात खारे पाणी भरले, पीक बुडाले, एकदा-दोनदा बुडाल्यावर शेतकऱ्याने शेत सोडले. आणि शेत सोडलेला माणूस बांधाची विचारपूस कशास करील? त्यात मांडवी-जुवारीतून खनिज वाहून नेणाऱ्या बार्जींच्या लाटांनी कित्येक वर्षे बांध पोखरले. शहरे वाढली, भराव पडले. पणजीचा पाटो आज ज्या जागी उभा आहे तीही एके काळी अशीच खाडीलगतची पाणथळ होती.

येथे एक विपरीत गोष्ट घडते, आणि ती नीट समजून घेतली पाहिजे. फुटलेल्या बांधातून खारे पाणी आत आले की टाकलेल्या शेतात खारफुटी उगवते. काही वर्षांत तेथे दाट वन होते. दुरून पाहणारास वाटावे, निसर्गाने आपली जागा परत घेतली. खारफुटीला आज कायद्याचे संरक्षण आहे, आणि ते असावयासच हवे. त्यामुळे शेतकरी परत येऊ म्हणाला तरी त्याचे शेत त्याला मोकळे करता येत नाही. तेव्हा वरवर वृक्ष वाढले, मग हानी कसली, असा प्रश्न कोणी करील. हानी अशी, की बांधाबाहेर राहून बांध राखणारी खारफुटी वेगळी आणि बांध मोडून आत आलेली वेगळी. पहिलीच्या मागे भात होते, पोंय होती, उथळ ओल्या शेतांवर उतरणारे पक्षी होते, कोरगुटाचे बियाणे होते, आणि मागच्या विहिरी गोड्या होत्या. दुसरीच्या मागे यांतील बहुतेक काही उरत नाही. विविधतेने नटलेल्या भूमीच्या जागी एकाच प्रकारची भूमी येते. बियाण्याचे तर विशेष आहे. कोरगुट पेरला नाही तर तो कोठल्या रानात आपोआप उगवत नाही. माणसाच्या हातावर जगणारीही एक सृष्टी असते, आणि हात थांबला की ती नाहीशी होते.

हा प्रश्न एकट्या गोव्याचा नाही. उत्तर कन्नडात अघनाशिनीच्या मुखापाशी अशाच जमिनीस गझनी म्हणतात आणि तेथे कग्ग नावाचे खारे भात पिकते. केरळात पोक्काळी भाताची शेते पीक निघाल्यावर कोळंबीची तळी होतात. रायगडाच्या खाडीकाठी शिलोत्रीचे बांध होते, आणि १९४८ साली मुंबई राज्याला खारभूमीसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. सर्वत्र गोष्ट एकच आहे: जेथे भात आणि मासळी यांचा हिशेब एका वहीत राहिला तेथे दोन्ही टिकण्याची आशा आहे, जेथे वह्या वेगळ्या झाल्या तेथे मासळीने भात गिळले आणि अखेरीस मासळीलाही घर उरले नाही.

सुधारणेच्या खुणा अगदीच नाहीत असे नव्हे. किनारी क्षेत्राविषयीच्या केंद्र सरकारच्या २०११ च्या अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांचा नावानिशी उल्लेख झाला, त्यांचे रक्षण व व्यवस्थापन यांची तरतूद झाली आणि त्यांत बांधकामे होऊ नयेत असे म्हटले गेले. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने कोरगुटातून निवड करून ‘गोवा धान’ या नावाने खारेपणा सोसणारे वाण काढले. काही गावांत पडीक खाजने पुन्हा लागवडीखाली आणण्याचे सामुदायिक प्रयत्नही झाले आहेत. परंतु अधिसूचना मानस मिटावयास रात्री जात नाही, आणि बियाणे स्वतः बांध घालीत नाही. सरकारने बांध दुरुस्त करून दिला तरी तो पुढच्या पावसाळ्यात कोणी पाहावयाचा, हा प्रश्न गावाचाच राहतो.

देवस्थानांशी संबंध असलेल्या आपणा वाचकांस या इतिहासात केवळ श्रोते म्हणून राहता येणार नाही. आपल्या देवालयांचा कारभार १९३३ च्या माझनींच्या नियमावलीप्रमाणे महाजन पाहतात. त्या नियमावलीच्याही पूर्वीपासून, गांवकार आणि महाजन हे एकाच कुळांतून आलेले. म्हणजे ज्यांनी देव नदीपार नेला त्यांनीच आधी बांध घातला होता. महाजनांच्या वार्षिक सभेत सभामंडपाची फरशी, नवे प्रवेशद्वार, यात्रेकरूंच्या खोल्या हे विषय येतात, ते यावेतच. त्यांबरोबर देवस्थानच्या नावे असलेल्या शेतांची, तळीची आणि राईची आजची स्थिती काय, हा एक विषयही दर वर्षी यावा. ज्या देवस्थानांजवळ खाजने आहेत त्यांनी नव्याच्या दिवशीची कणसे खाजनातील शेतकऱ्याकडून मुद्दाम घ्यावीत, आणि महाप्रसादाच्या पंक्तीसाठी त्या भूमीतील तांदूळ योग्य भावाने विकत घ्यावा. कोरगुटाला एक निश्चित गिऱ्हाईक मिळाले तर काही शेतकरी तरी बांधावर परत येतील. शेतकरी बांधावर असला म्हणजे मानस कोणी अवेळी उघडली हे पाहणारा डोळाही तेथे असतो.

जुन्या काळचा अन्याय परत आणण्याची येथे मागणी नाही. ज्यांना तेव्हा जण नव्हता, त्यांचे वंशज आज पुष्कळ ठिकाणी त्या शेतांचे धनी आहेत, आणि बांधाविषयीचा निर्णय प्रथम त्यांचा असला पाहिजे. परत आणावयाचा आहे तो केवळ खर्चाचा क्रम: मानशीच्या उत्पन्नातून पहिला पैसा बांधाला, मग शेताच्या निचऱ्याला, आणि उरेल त्याची वाटणी. कुळांच्या संघटनांच्या हाती ही पावणी आजही आहे. तिच्या अटींत मानस उघडण्या-मिटण्याच्या वेळा लिहाव्यात, त्या मोडणाराची अनामत जप्त व्हावी, आणि हिशेब गावासमोर वाचला जावा. यासाठी नवा कायदा लागत नाही. येत्या पावसाळ्यापूर्वी, वैशाखात, बांधाची पाहणी करण्याची जुनी वेळ असे. तेवढ्या अवधीत एखाद्या गावाने आरंभ केला तरी पुढच्या नव्याला देवापुढे ठेवावयास खाजनातील कणीस मिळेल.